आक्काच्या बाळाची कुंची

पिशव्या, उशांचे अभ्रे, दुपटी, भाकरीच्या टोपल्यात घालायचे रुमाल, देवापुढचं आसन, असलं काहीबाही मी अजूनही हातानं शिवते. चष्मा जाड झाला आहे आणि सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते, पण हात काही थांबत नाही. घरात कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मूल झालं, कुणी नवं घर बांधलं, की माझं चिंध्यांचं गाठोडं सुटतं. "आली आजीची भेट," म्हणून मुलं हसतात आणि मग तीच पिशवी घेऊन भाजीला जातात. एवढं सगळं शिवते, पण तान्ह्या मुलाची कुंची मी शिवत नाही. थोरल्या सुनेनं एकदा विचारलं, धाकटीनं दोनदा. मी डोळ्यांचं कारण पुढं केलं. धाकटी फटकळ आहे. ती म्हणाली, "वाकळ शिवायला डोळे चालतात आणि वीतभर कुंचीला चालत नाहीत होय?" तिला तेव्हा उत्तर दिलं नाही. ते इथं देते, जरा लांबण लागेल.

आमचं घर अणदूरला, खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर. दोन खोल्या, पुढं सोपा, सोप्याच्या एका अंगाला बैल. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग आप्पांचं बैलांशी बोलणं. आप्पा, म्हणजे माझे वडील, माणसांपेक्षा बैलांशी जास्त बोलत. रविवारी देवळाकडून यळकोटाचा गजर आला की आई हातातलं काम टाकून तिकडं तोंड करून हात जोडायची आणि त्याच हातानं मला एक रट्टा द्यायची, कारण मी जोडलेले नसायचे. निजामाचं राज्य होतं. आम्हा बायकापोरींना ते एवढंच ठाऊक की पाटलाकडं येणारे कागद उर्दूत असतात आणि ते वाचून दाखवायला माणूस शोधावा लागतो. कुठंतरी दूर लढाई चालली होती. ती आमच्या गावापर्यंत आली ती कापडाच्या टंचाईच्या रूपानं. सोलापूर बैलगाडीनं दिवसाच्या वाटेवर, तिथं गिरण्या रात्रंदिवस चालायच्या म्हणत, पण सोलापूर इंग्रजांच्या हद्दीत आणि मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. कंट्रोलचं कापड मिळायचं ते गोणपाटाच्या बहिणीसारखं. त्यामुळं त्या वर्षांत जुनं लुगडं फाटलं की फेकायचं नसे. त्याची दुपटी व्हायची, दुपट्याची फडकी व्हायची, फडक्याच्या चिंध्या वाकळीत जायच्या. आमच्या घरात तेव्हा काहीही टाकून दिलेलं मला आठवत नाही.

वाकळ म्हणजे इतर ठिकाणी जिला गोधडी म्हणतात ती. गावातल्या निम्म्या वाकळी चंद्राकाकू शिवायची. ती आमच्या भावकीतली, तीन घरं सोडून राहायची. नवरा सोलापूरला गिरणीत होता. मूल झालं नाही म्हणून त्यानं तिकडंच दुसरी बायको केली आणि काकूला गावात ठेवलं, म्हणजे खरं तर टाकलं. लोक तिला जुनी लुगडी, धोतरं नेऊन द्यायचे आणि वाकळ झाली की ज्वारी द्यायचे. त्यावर तिचं पोट चालायचं. अंगणात शेणानं सारवलेल्या जागेवर ती लुगडी अंथरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायची आणि उकिडवी बसून कडेकडेनं आत आत सरकत धावदोरा घालायची. तोंडात सुपारीचं खांड. तिरपं बोलणं. मला ती आवडायची, कारण मोठ्या माणसांत मला न ओरडणारी ती एकटीच होती.

मी डावरी. आईनं जेवणापुरता माझा हात मारून मारून सरळ केला, पण सुई डाव्याच हातात जायची. आईनं तीही सोडवली असती. काकू आडवी आली. "जाऊबाई, सुईला उजवं डावं कळत न्हाय. चालतीय तर चालू द्या की," म्हणाली. म्हणून माझा टाका सगळ्या गावाच्या उलट्या बाजूला कलायचा. आईचा टाका लांब आणि घाईचा, काकूचा तांदळाएवढा आणि सारखा, माझा बारीक पण डावीकडं पडलेला. कुठल्या वाकळीचा कुठला पट्टा कुणी भरलाय हे शिवणारीला नुसतं बघून कळतं. आईला तर अंधारात बोट फिरवून कळायचं, आणि तिला त्याचा मोठा अभिमान होता.

वाकळ संपत आली की चौथा कोपरा शिवून टाकण्याआधी काकू त्यात ज्वारीचे चार दाणे घालायची. ही तिच्या माहेरची, भूमकडची रीत. आमच्या गावात दुसरं कुणी तसं करत नसे.

"काकू, ह्ये कशाला?" मी विचारलं.

"वाकळ उपाशी ठिवू न्हाय."

"वाकळ काय खाती व्हय?"

"तू जेवल्याबिगर झोपतीस का? न्हाय ना? मग तिला का उपाशी झोपवायची?"

मला हे फार पटलं. त्या वयात उपाशी झोपणं हे मला सगळ्यात मोठं संकट वाटे. पुढं कापडाच्या पिशवीतसुद्धा मी चोरून दोन दाणे शिवलेले आहेत.

त्या साली मोठी बहीण, आक्का, सातव्या महिन्यात माहेरी आली आणि घरातलं हसणं बोलणं एकदम कमी झालं. आक्काची आधीची दोन गेली होती. पहिलं नवव्या दिवशी, दुसरं दीड महिन्यानं. दोन्ही वेळा मूल आधी रडत राहिलं, मग दूध ओढेना, मग गेलं. हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे, पण आक्का चालायला लागली की सगळे तिच्या पावलाकडं बघत. तिची सासू नळदुर्गची, घर खाऊनपिऊन सुखी, बोलणं मोजून मापून. आक्काला पोचवायला आली तेव्हा आईनं केलेल्या सांज्याच्या पोळ्या खाल्ल्या, हात धुतला आणि पदराला पुसता पुसता म्हणाली, "विहीणबाई, ह्या खेपेला काय इपरीत झालं तर मला बी माझ्या ल्येकाचा इचार करावा लागंल. सोयरीक सांगून आलीया एक." सासू गेल्यावर उष्टी काढताना आईच्या हातातून पितळी सुटली आणि कितीतरी वेळ जमिनीवर गरगरत राहिली. आक्का आत बसून ते ऐकत होती.

त्याच संध्याकाळी आईनं मला बजावलं, "उद्यापस्नं चंद्राकडं जायचं न्हाय."

"का?"

"न्हाय म्हणलं की न्हाय. आक्काचं पार पडंस्तवर तिची सावली नको आपल्या घरावर." आई काही वाईट बाई नव्हती. काकूच्या घरी दिवाळीचा फराळ ती दरसाल स्वतः नेऊन द्यायची. पण घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो, आणि त्या दोन महिन्यांत आमच्या घरातलं प्रत्येक माणूस घाबरलेलं होतं.

जन्माच्या आधी बाळासाठी काहीही शिवायचं नाही अशी आमच्याकडं रीत. सुईसुद्धा हातात घ्यायची नाही. बाळ जन्मलं की जुन्या फडक्यात गुंडाळायचं आणि बारशापर्यंतच्या बारा दिवसांत काय ते शिवायचं. त्यातली कुंची, म्हणजे डोक्यावर बसणारी, पाठीवर रुळणारी आणि हनुवटीखाली बंदांनी बांधायची टोपी, ही आजोळची आणि आजीच्याच हातची असली पाहिजे. मूल झालं, मुलगा झाला. गावातली सुईण हलीमाखाला, तिनंच मला आणि आक्कालाही जगात आणलं होतं. ती बाहेर येऊन म्हणाली, "जनाबाई, पोरगा है. चांगला रडतोय. अब तू रो मत." आई रडलीच. आप्पा बैलांना जाऊन सांगून आले.

चौथ्या दिवशी आईच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. बोट सुजून वांग्यासारखं, हळद-चुना बांधून ठेवलेला, सुई धरणं अशक्य. दिवस हातातून चालले. सातव्या दिवशी आईनं तिच्या इरकली लुगड्याचा पदर कापला, मापानं बेतून दिला, मला माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "तू शीव. पर कुणाला बोलायचं न्हाय. विहीणबाईला म्या शिवली म्हणून सांगणार हाय. आक्काला बी सांगू नगंस, तिच्या तोंडात काय ऱ्हात न्हाय." मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! तीन दुपारी मी तिथं बसून शिवलं. खाली शेकशेगडीत टाकलेल्या ओव्या-बाळंतशेपाचा वास वर यायचा, बाळाचा बारीक आवाज यायचा, आणि मला वाटायचं की हे मूल जगणार की नाही ते माझ्या टाक्यांवर आहे. एकेक टाका देवाचं नाव घेऊन घातला. कडेला गोट, म्हणजे दुमडून शिवायची पट्टी, लावला. आणि शेवटी, बंद जोडायच्या जागी, गोट मिटवण्याआधी, दोन्ही बाजूंना दोन दोन ज्वारीचे दाणे आत घातले. कुंची उपाशी राहू नये म्हणून.

आईनं कुंची उलटीपालटी करून पाहिली. "आज्जीच्या हातची वाटती," म्हणाली. एवढं कौतुक तिनं माझं आधी कधी केलं नव्हतं. दाणे तिला लागले नाहीत. अंगठा बांधलेला होता आणि गोट मी चांगला जाड केला होता.

दहाव्या दिवशी विहीणबाई, म्हणजे आक्काची सासू, आल्या. त्याच सकाळी कुंची धुऊन अंगणात बाजेवर उन्हाला ठेवली होती आणि नेमकी तेव्हाच चंद्राकाकू दारात आली, बाळंतिणीसाठी खोबऱ्याची वाटी घेऊन. आईनं वाटी घेतली पण "आत ये" म्हणाली नाही. काकूला ते कळलं. ती जायला वळली, जाता जाता तिनं बाजेवरची कुंची उचलली, डोळ्याजवळ नेली, माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसली आणि कुंची होती तशी ठेवून निघून गेली. विहीणबाई सोप्यातून पाहत होत्या. "कोण ही?" त्यांनी विचारलं. आईनं सांगितलं. "लेकरंबाळं?" आईनं नाही म्हणून मान हलवली. विहीणबाई उठल्या आणि बाजेवरची कुंची त्यांनी स्वतः उचलून आत नेली.

थंडी होती. कुंची बाळाला घातली आणि दुपारपासून बाळ रडायला लागलं. आधी सगळे म्हणाले पोटात दुखत असेल. ओवा चावून फुंकर घातली, पोटाला हिंग लावला. बाळ थांबेना. आक्कानं पदराखाली घेतलं तर एक घोट घ्यायचं आणि मान झटकून किंचाळायचं. कानात वारं शिरलं असेल म्हणून विहीणबाईंनी कुंचीचे बंद आणखी आवळून बांधले. ते जास्त रडलं की जास्त आवळायचे, असं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चाललं. आक्काचा चेहरा मी पाहिला आणि बाहेर जाऊन बैलांच्या गव्हाणीपाशी बसून राहिले. आत रडणं अगदी बारीक झालं होतं, मांजराच्या पिलासारखं, आणि ते थांबलं तर काय, या भीतीनं माझे कान तिकडंच लागलेले होते.

अकराव्या दिवशी उन्हं वर आल्यावर हलीमाखाला आली. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, पोट दाबून पाहिलं, टाळू पाहिली, मग कुंचीचे बंद सोडले. कानाच्या खाली, जबड्याच्या हाडापाशी, दोन्ही बाजूंना लालभडक वण पडले होते. एका वणातून रक्त येऊ पाहत होतं. "अगं, इसको तो कुछ टोचतंय," ती म्हणाली आणि गोटावरून बोट फिरवलं. दातानं दोरा तोडला. तिच्या तळहातावर ज्वारीचे दोन दाणे पडले.

वाकळीच्या कोपऱ्यात पायाशी असलेला दाणा कुणाला टोचत नाही. तान्ह्या मुलाच्या जबड्याशी घट्ट बांधलेला टोचतो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. कुंची काढल्याबरोबर बाळ दोन हुंदके देऊन गप्प झालं, आक्कानं घेतलं तर दूध ओढायला लागलं. खाला म्हणाली, "बस. दाना निकला, रोना गया. तेल लावा आन झोपू द्या." तिच्या लेखी गोष्ट तिथं संपली होती.

विहीणबाईंच्या लेखी ती तिथं सुरू झाली. "दाणं कुणी घातलं?" त्या म्हणाल्या. आईनं माझ्याकडं पाहिलं. फक्त क्षणभर. मी खाली पाहिलं, आणि माझी खात्री आहे की आईला तेवढ्यानं सगळं समजलं. "विहीणबाई, कुंची तुमी शिवली न्हवं?" त्यांनी आईला विचारलं. "व्हय, म्याच शिवली," आई म्हणाली, "दाणं मातुर म्या न्हाय घातलं." मग शेजारची एक बाई, बाळंतीण बघायला आलेली, तोंडाला पदर लावून म्हणाली की असे दाणे तर वाकळीत चंद्रा घालते. झालं. वांझ बाईनं बाळाच्या कुंचीत दाणे पुरले, कुंची काढली तसं मूल गप्प झालं, याहून मोठा पुरावा तो कोणता? करणी हा शब्द कोण पहिल्यांदा बोललं ते मला आठवत नाही. एकदा बोलल्यावर सगळ्याच बोलायला लागल्या. निम्मं गाव रोज तिच्या दाण्यांवर पाय ठेवून झोपत होतं, हे कुणालाच आठवलं नाही.

आम्ही सहा-सात जणी तिच्या दारात गेलो. विहीणबाई पुढं, हातात कुंची. आईनं माझं डावं मनगट धरलं होतं. काकू अंगणात वाकळ अंथरून बसली होती. एवढ्या बायका बघून तिनं सुई वाकळीत खोचली आणि उठली.

"ह्ये तू केलंस?" विहीणबाईंनी दाणे दाखवले.

काकूनं दाणे पाहिले. मग हात पुढं करून कुंची मागितली. उसवलेला गोट उजेडाकडं धरला, दुसऱ्या बाजूचा न उसवलेलाही पाहिला, आणि सावकाश एकेक टाका बघत राहिली. तिनं मान वर केली ती माझ्याकडं नाही, आईकडं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तुमाला टाका कळतुया. तुमीच सांगा, ह्यो कुणाच्या हातचा हाय?"

सगळ्या आईकडं वळल्या. आईचा अंगठा पदराखाली होता. माझ्या मनगटावरची तिची पकड इतकी आवळली की हाड दुखायला लागलं. मला बोलायचं होतं. "म्या घातलं" हे दोन शब्द माझ्या तोंडात होते, अगदी दातांपाशी. पण विहीणबाईंचा चेहरा माझ्या समोर होता आणि आक्काच्या सवतीचं काय ते मला ठाऊक होतं. बाळाच्या सख्ख्या मावशीनं करणी केली, आजीनं खोटं सांगितलं, अशा घरची सून त्यांनी ठेवली असती का?

"मला काय कळतंय टाक्यातलं," आई म्हणाली.

काकूनं कुंची परत दिली. "मग म्याच आसंल," ती म्हणाली. "तुमी एवढ्या जणी म्हणताय तर." आणि मग, जणू आठवण झाली म्हणून, माझ्याकडं बघून म्हणाली, "टाका लई सुधरला गं तुजा, सुबे." बायकांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांना वाटलं बाई बेरकी आहे, विषय बदलते आहे.

त्याच दुपारी गावातल्या बायका काकूकडून आपापली लुगडी परत न्यायला लागल्या. कुणी अर्धी शिवलेली वाकळ गुंडाळून नेली, कुणी नुसतं गाठोडं. मी सोप्यातून बघत होते. भांडण नाही, शिव्या नाहीत, नुसती एक एक जण जायची आणि गाठोडं काखेत मारून यायची. अंधार पडायच्या आत काकूचं अंगण रिकामं झालं. शेणाचं सारवण तेवढं उरलं, त्यावर चार दगड.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. पाळण्याला आंब्याची डहाळी बांधली, गहू-हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटल्या, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं. बाळाला दुसऱ्याच कुणाची तरी जुनी टोपी घातली होती आणि ते शांत झोपलं होतं. सदाशिव नाव ठेवलं. विहीणबाईंनी आईची ओटी भरली, हसून बोलल्या, वाईट नजरेतून मूल वाचलं म्हणून खंडोबाला तळी भरायची कबूल केली. सोयरीक सांगून आलेल्या मुलीचं नाव पुन्हा कधी निघालं नाही. मी घुगऱ्यांचा द्रोण हातात घेऊन उभी राहिले, खाल्ल्या मात्र नाहीत. आठ-दहा दिवसांनी काकूचा भाऊ भूमहून गाडी घेऊन आला. एक पेटी, एक जातं, दोन भांडी. तिनं दाराला कुलूप लावलं आणि आमच्या घरावरून जाताना मान वळवली नाही. मी वाटेवर उभी होते, गाडी जवळून गेली, तिला मी दिसलेच असणार.

विहीणबाई गेल्यावर मी आईला गाठलं. ती चुलीपुढं होती. "आय, दाणं म्या घातलं व्हतं."

"ठाव हाय मला."

"मग तू बोलली का न्हाईस?"

आई भाकरी थापत राहिली. अंगठा बरा होत आला होता तरी तो दुमडून चार बोटांनीच थापत होती. "दोन गेली व्हती, सुबे," ती म्हणाली. "तिसरं हातात हाय. आक्काचं घर हाय. तिकडं चंद्राला काय, तिचं जायाचं ते आधीच गेलं व्हतं. मला दोघींतली एकच राखता येत व्हती. म्या माजी राखली."

"आता सांगू या की सगळ्यांला. आता विहीणबाई न्हाईत."

"आन ही गोष्ट नळदुर्गाला जायाला किती येळ लागंल?" ती भाकरी तव्यावर टाकत म्हणाली. "गप ऱ्हा. तू ल्हान हायेस. मोठी झालीस की कळंल."

पुष्कळ वर्षं मी आईवर राग धरला. मनात म्हणायची, मी अकरा वर्षांची होते, माझं मनगट धरलेलं होतं, बोलायचं होतं ते तिनं. निजामाचं राज्य गेलं, आईही गेली, विहीणबाई तर त्याआधीच गेल्या. काकू भूमकडं भावाच्या घरी वारली असं उडत उडत कळलं. कधी, कशानं, ते विचारायला मी गेले नाही. आक्काला सदाशिवच्या पाठीवर आणखी तिघं झाली, सगळी जगली. आक्का घरात राणीसारखी वावरली.

सदाशिवच्या मुलाच्या बारशाला आम्ही दोघी बहिणी जवळजवळ बसलो होतो. तिचे केस पांढरे, माझे निम्मे. पाळणा सजवलेला, बायका हसत होत्या. आक्का माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "ह्या सदाशिवला त्या चंद्रानं जवळजवळ मारलंच होतं बघ. आठवतं का तुला?" माझं मनगट कुणी धरलेलं नव्हतं. भीती वाटावी असं कुणी जिवंत नव्हतं. आक्काचं घर आता कुणी मोडू शकत नव्हतं, आणि मी चांगली पन्नाशीची बाई होते. मला नुसतं तोंड उघडायचं होतं.

"आठवतं की," मी म्हणाले, आणि पुढं आलेला पेढा घेतला.